सैनिकाच्या वतीने विचारावयाचा प्रश्न

'आम्ही आमच्या सैनिकांच्या पाठीशी आहोत' हे वाक्य अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात सर्वांच्या ओठी असते. निवडणुकीच्या सभांत ते ऐकू येते, संसदेच्या भाषणांत ते येते, मोटारींवर पिवळ्या फितीच्या चित्रासह ते चिकटविलेले असते. युद्धाचे समर्थक ते उच्चारतात आणि युद्धाचे विरोधकही उच्चारतात. ज्या विधानाला कोणीच विरोध करीत नाही, त्याचा नेमका अर्थ विचारण्याची गरजही मग कोणास भासत नाही. आम्हांस मात्र तो विचारावासा वाटतो. कायदे करणाऱ्या लोकप्रतिनिधीने सैनिकाच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे काय करणे? मागितलेला निधी मंजूर करणे? युद्ध चालू असताना मौन पाळणे? की याच्या कितीतरी आधी सुरू होणारे आणि कितीतरी उशिरा संपणारे असे काही कर्तव्य त्यात सामावलेले आहे?

अमेरिकेचेच उदाहरण घेण्यास कारण आहे. तेथील संसदेच्या दोन्ही सभागृहांत, म्हणजे प्रतिनिधिगृहात आणि सिनेटमध्ये, महत्त्वाच्या ठरावांवरील प्रत्येक सभासदाचे मत नावानिशी नोंदले जाते. कोणी केव्हा होकार दिला आणि त्या होकाराची परिणती कशात झाली, हे पुढील पिढीला तपासता येते. शिवाय आमच्या धर्मग्रामांतील कित्येक घरांची मुलेबाळे आज त्या देशात स्थायिक झाली आहेत आणि तेथील नागरिक या नात्याने मतदानही करीत आहेत. त्यांच्यापुढे हा प्रश्न दर निवडणुकीला उभा राहतो. परंतु मूळ प्रश्न कोणत्याही लोकशाहीतील ख्रिस्ती मतदाराचा आहे.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली, तेव्हा युद्ध पुकारण्याचा अधिकार तिच्या कर्त्यांनी राष्ट्राध्यक्षाला दिला नाही. तो संसदेला दिला. एवढ्यावर न थांबता, भूसेनेसाठी मंजूर केलेला पैसा दोन वर्षांपेक्षा अधिक काळासाठी असू नये, असेही त्यांनी लिहून ठेवले. सेना पोसावयाची असेल तर लोकप्रतिनिधींनी दर दोन वर्षांच्या आत पुन्हा विचार केला पाहिजे, असा त्या कलमाचा अर्थ. एका माणसाच्या रागलोभावर हजारो तरुणांचे जीवित अवलंबून राहू नये, ही त्यामागील दूरदृष्टी होती.

या व्यवस्थेतील सैनिकाचे स्थान नीट पाहावयास हवे. तो शपथ घेतो आणि त्या क्षणी एक फार मोठी गोष्ट दुसऱ्याच्या हाती सोपवितो. त्याची सदसद्विवेकबुद्धी काही नाहीशी होत नाही. निरपराध्यास ठार मारण्याची आज्ञा त्याने पाळता कामा नये, हे ख्रिस्तसभा निःसंदिग्धपणे सांगते. परंतु आपण कोणत्या युद्धात उतरावे आणि कोणत्या नाही, ही निवड त्याच्या हाती उरत नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात एका श्रद्धाळू कॅथॉलिक सैनिकाने, हे युद्ध माझ्या धर्माच्या शिकवणुकीनुसार अन्यायाचे आहे, म्हणून मला यातून मोकळे करा, अशी न्यायालयात मागणी केली. १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. ज्याचा सर्वच युद्धांना विरोध आहे त्यालाच कायद्याने सूट मिळेल, एखाद्या विशिष्ट युद्धाला विरोध असणाऱ्यास नाही, असा तो निर्णय होता. अशा माणसालाही सूट मिळावी, असे आवाहन अमेरिकेच्या बिशपांनी १९६८ च्या आपल्या पत्रात केले होते आणि १९८३ च्या 'शांतीचे आव्हान' या प्रसिद्ध पत्रातही ती भूमिका कायम ठेवली. कायदा मात्र बदलला नाही.

तेव्हा, 'हे युद्ध न्याय्य आहे काय?' हा प्रश्न सैनिकाला विचारता येत नाही. मग तो कोणी विचारावयाचा? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, परिच्छेद २३०९ मध्ये, याचे उत्तर आहे. शस्त्रबळाने संरक्षण करणे केव्हा समर्थनीय ठरते, याच्या कठोर अटी तेथे सांगितल्या आहेत: आक्रमकाने केलेली हानी गंभीर, चिरस्थायी आणि निश्चित स्वरूपाची असावी; इतर सर्व उपाय निष्फळ ठरलेले असावेत; यशाची रास्त शक्यता असावी; आणि टाळावयाच्या अनर्थाहून मोठा अनर्थ शस्त्रांनी ओढवू नये. या अटी पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, याचा विवेकाने निर्णय करण्याची जबाबदारी सार्वजनिक हित ज्यांच्या हाती सोपविले आहे त्यांची, असेही तेथे म्हटले आहे. लोकशाहीत ते हात लोकप्रतिनिधीचे असतात. सैनिकाने आपला प्रश्न त्याच्याकडे ठेव म्हणून दिलेला आहे. ती ठेव जपणे हा पाठिंब्याचा पहिला अर्थ होय, असे आमचे मत आहे.

ही ठेव कशी जपली गेली, हे इतिहास सांगतो. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दोन हल्ले झाल्याचे संसदेला सांगण्यात आले आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव पुढे आला. प्रतिनिधिगृहात तो ४१६ विरुद्ध शून्य मतांनी आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. दुसरा हल्ला मुळी झालाच नव्हता, हे पुढे उघड झाले. त्या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. व्हिएतनामी मृतांची संख्या तर लाखांत मोजावी लागते. विरोधात मत देणारे दोघे, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग, १९६८ च्या निवडणुकीत आपापल्या जागा गमावून बसले. सैनिकाच्या वतीने प्रश्न विचारणाऱ्या त्या दोघांना सैनिकांचे कैवारी असे त्या वेळी कोणी म्हटले नाही.

ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध बळाचा वापर करण्यास संसदेने संमती दिली. प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ अशी मते पडली. पुढे जानेवारी २००३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी व्हॅटिकनमधील राजदूतांपुढे बोलताना युद्धाला स्पष्ट नकार दिला आणि युद्ध हा सदैव मानवतेचा पराभवच असतो, अशी जाणीव करून दिली. मार्च महिन्यात त्यांनी कार्डिनल पिओ लाघी यांना खास दूत म्हणून राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या भेटीस पाठविले. त्या भेटीचा उपयोग झाला नाही. त्याच महिन्यात युद्धास तोंड फुटले. ज्या महासंहारक शस्त्रांच्या नावाने ते सुरू झाले, ती शस्त्रे इराकमध्ये सापडली नाहीत.

होकार देणाऱ्या त्या २९६ जणांत नॉर्थ कॅरोलायना राज्याचे वॉल्टर जोन्स होते. बाप्टिस्ट घरात वाढलेले जोन्स तारुण्यात कॅथॉलिक झाले होते. त्यांच्या मतदारसंघात कॅम्प लजून हा मरीन सैनिकांचा मोठा तळ येतो. फ्रान्सने युद्धाला विरोध केला म्हणून संसदेच्या उपाहारगृहातील 'फ्रेंच फ्राइज' या बटाट्याच्या पदार्थाचे नाव बदलून 'फ्रीडम फ्राइज' करावयास लावणाऱ्यांत ते पुढे होते. साऱ्या जगात त्याचे हसू झाले. परंतु एप्रिल २००३ मध्ये ते आपल्या मतदारसंघातील एका सार्जंटच्या अंत्यविधीस गेले. तेथे त्याच्या तरुण विधवेने त्याचे शेवटचे पत्र वाचले. त्या दिवसानंतर जोन्स पूर्वीचे राहिले नाहीत. मृत सैनिकांच्या घरी त्यांनी पत्रे धाडण्यास आरंभ केला. अकरा हजारांहून अधिक पत्रे त्यांनी स्वतःच्या सहीने पाठविली. आपल्या कार्यालयाबाहेरील भिंतीवर त्यांनी मृत सैनिकांची छायाचित्रे लावली. २००५ साली, आपल्याच पक्षाचे सरकार असताना, सैन्य मागे घेण्याची मागणी करणाऱ्यांत ते सामील झाले. पुरावे खरे की खोटे हे पारखण्याचे आपले काम आपण केले नाही आणि त्यामुळे त्या मृत्यूंत आपलाही वाटा आहे, असे ते उघडपणे बोलत राहिले. १० फेब्रुवारी २०१९ रोजी, आपल्या ७६ व्या वाढदिवशी, ते निवर्तले. मतदारांनी त्यांना अखेरपर्यंत निवडून दिले होते.

जोन्स यांची पत्रे हे प्रायश्चित्त होते आणि प्रायश्चित्ताचे मोल आम्हां कॅथॉलिकांना सांगावयास नको. तथापि त्यांच्या जीवनातून आम्हांस उमगते ते असे की, हजारो पत्रांनी जे भरून येत नाही ते एका मतापूर्वीच्या विचाराने कदाचित वाचले असते. सैनिकाबद्दलची आपुलकी त्यांच्या ठायी २००२ मध्येही होती. उणीव होती ती त्याच्या वतीने प्रश्न विचारण्याची.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. युद्धापूर्वी काय वाटेल तो विचार करा. परंतु एकदा सैनिक रणांगणावर उतरला की त्याचा निधी अडवणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे होय, असे म्हटले जाते. २००७ साली संसदेने युद्धखर्चाच्या विधेयकात सैन्य मागे घेण्याची मुदत घातली. १ मे रोजी राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला आणि त्याच महिन्यात संसदेने ती अट वगळून निधी दिला. सैनिकांना आपण सोडून दिले, असा ठपका कोणासच नको होता.

या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. शत्रूसमोर उभ्या असलेल्या माणसाला दारूगोळा नाकारणे हे पाप ठरेल. परंतु निधीला मुदत घालणे आणि दारूगोळा नाकारणे या दोन गोष्टी एक नव्हेत. १९७३ साली संसदेने ठरविले की १५ ऑगस्टनंतर हिंदी-चीनच्या प्रदेशात लढाईसाठी पैसा मिळणार नाही. त्या दिवशी कंबोडियावरील बाँबफेक थांबली. त्यासाठी रणांगणात कोणा सैनिकाची शिदोरी हिरावून घ्यावी लागली नाही. उलट, निधी अखंड वाहत असतानाही सैनिक उघडा पडू शकतो. इराक युद्धाच्या पहिल्या वर्षांत कित्येक कुटुंबांनी पदरचे पैसे खर्चून आपल्या मुलांना छातीवर घालावयाची चिलखते विकत घेऊन पाठविली. त्या पैशांच्या भरपाईसाठी २००४ साली कायद्यात तरतूद करावी लागली. केवळ रकमेच्या आकड्यावरून पाठिंबा मोजता येत नाही, हे यावरून दिसते.

आता युद्धानंतरच्या काळाकडे वळू. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना संसदेने १९२४ साली भत्ता मंजूर केला. पण तो १९४५ साली हाती पडावयाचा होता. महामंदीत उपाशी पडलेले सुमारे १७ हजार माजी सैनिक, कित्येक जण बायकामुलांसह, १९३२ च्या उन्हाळ्यात तो भत्ता तत्काळ मागण्यासाठी वॉशिंग्टनला आले. प्रतिनिधिगृहाने मागणी मान्य केली, सिनेटने ती फेटाळली. २८ जुलै रोजी पोलिसांच्या गोळीबारात दोघे माजी सैनिक बळी पडले. मग जनरल मॅकआर्थर यांच्या सैन्याने रणगाडे आणि अश्रुधूर वापरून उरलेल्यांना हुसकावून लावले आणि त्यांच्या झोपड्या आगीत भस्मसात झाल्या. ज्यांना एकेकाळी हार घालून निरोप दिला, त्यांचे हे स्वागत. अखेर १९३६ मध्ये संसदेने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार बाजूला सारून तो भत्ता दिला.

संसदेला शहाणपण येतच नाही, असे नाही. २२ जून १९४४ रोजी, दुसरे महायुद्ध अद्याप चालू असतानाच, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा, घरकर्जाचा आणि बेकारभत्त्याचा कायदा झाला. सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. याही चांदण्याला डाग होता: अंमलबजावणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती राहिल्यामुळे, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला फार थोडे आले. तरीही, सैनिक परत येण्यापूर्वीच त्याच्या उद्याचा विचार करता येतो, हे त्या कायद्याने दाखवून दिले.

पुढच्या पिढ्यांना मात्र वाट पाहावी लागली. व्हिएतनामच्या जंगलांवर 'एजंट ऑरेंज' या विषारी द्रव्याची फवारणी १९७१ साली थांबली. त्यामुळे जडलेल्या रोगांसाठी सैनिकांना आधार देणारा कायदा १९९१ साली आला. कॅम्प लजूनच्या तळावरील पिण्याचे पाणी १९५३ पासून १९८७ पर्यंत दूषित होते. तेथे राहिलेल्या कुटुंबांना न्यायालयाचे दार २०२२ साली उघडले. इराक आणि अफगाणिस्तानातील तळांवर प्लास्टिक, बॅटऱ्या, औषधांचा कचरा असे सारे उघड्या खड्ड्यांत विमानाचे इंधन ओतून जाळले जाई. त्या धुराने आजारी झालेल्यांसाठीचे विधेयक सिनेटने जून २०२२ मध्ये ८४ विरुद्ध १४ मतांनी संमत केले. एका तांत्रिक दुरुस्तीसाठी ते परत आले, तेव्हा जुलै महिन्यात त्याला पुढे जाण्यापुरती मते मिळाली नाहीत. हा खर्च अंदाजपत्रकाच्या कोणत्या सदरात दाखवावा, यावर वाद होता. तो आक्षेप अगदीच पोकळ होता, असे आम्ही म्हणत नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे. परंतु आजारी माजी सैनिकांनी संसदेच्या पायऱ्यांवर रात्री काढल्या, तेव्हा कोठे २ ऑगस्टला ते ८६ विरुद्ध ११ मतांनी संमत झाले. युद्धाला संमती देताना सदराचा हा वाद कोणी घातला नव्हता. अफगाणिस्तानच्या मोहिमेसाठीचा ठराव सप्टेंबर २००१ मध्ये, हल्ल्यानंतर तीनच दिवसांत, दोन्ही सभागृहांत मिळून एका विरोधी मताने संमत झाला होता. कोणते विधेयक तीन दिवसांत होते आणि कोणत्याला वीस वर्षे लागतात, यावरून संसदेची खरी प्राधान्ये कळतात.

यावर कोणी म्हणेल की लोकप्रतिनिधीपुढे शाळा आहेत, रुग्णालये आहेत, गरिबांची घरे आहेत. माजी सैनिकांनाच पहिला मान का? हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, जखमी सैनिकाची शुश्रूषा ही युद्धाच्याच बिलातील शेवटची रक्कम होय. इतर गरजूंशी स्पर्धा करणारे दान म्हणून तिच्याकडे पाहणे चुकीचे आहे. ज्याने युद्धाला होकार दिला त्याने त्या क्षणीच ती रक्कम आपल्या नावे लिहून घेतली. डेव्हिड ओबी या विस्कॉन्सिनच्या कॅथॉलिक लोकप्रतिनिधीने नोव्हेंबर २००९ मध्ये, अफगाणिस्तानातील युद्धाचा खर्च भागविण्यासाठी नागरिकांवर वेगळा कर बसवावा, असे विधेयक मांडले. युद्धाची झळ केवळ सैनिकांच्या कुटुंबांनी सोसावी हे न्याय्य नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता. ते विधेयक संमत झाले नाही. त्या युद्धांसाठी कर्ज काढण्यात आले, आणि मध्येच, २००३ साली, करही कमी करण्यात आले. १९७३ पासून सक्तीची भरती नसलेल्या त्या देशात शंभरांत एकाहून कमी माणसे सैन्यात आहेत. उरलेल्यांना युद्धासाठी काहीच द्यावे लागत नसेल, तर 'पाठीशी आहोत' हे शब्द फार स्वस्त होतात. संत याकोबाने आपल्या पत्रात अशाच माणसाला फटकारले आहे. उघड्यानागड्या, भुकेल्या बांधवाला तो केवळ शुभेच्छा देऊन वाटेला लावतो, अंगावर वस्त्र आणि ताटात अन्न घालीत नाही.

आणखी एक गोष्ट ख्रिस्ती माणसाला विसरता येणार नाही. ज्या धुराने अमेरिकी सैनिक आजारी झाला, त्या धुरात इराकी मुलेही श्वास घेत होती. ज्या फवारणीने अमेरिकी सैनिकाचे रक्त नासले, तिने व्हिएतनामी शेतकऱ्याच्या घरात अपंग बालके जन्माला घातली. वर सांगितलेल्या कायद्यांत त्यांना जागा नाही. सैनिकावरील प्रेम जर या दुसऱ्या बाजूच्या माणसांकडे डोळेझाक करावयास शिकवीत असेल, तर ते ख्रिस्ताच्या शिष्याचे प्रेम नव्हे. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली सैनिकाचा गौरव केला तो राष्ट्रांच्या सुरक्षिततेचा आणि स्वातंत्र्याचा सेवक म्हणून, आणि आपले कर्तव्य योग्य रीतीने बजावून तो शांतीला हातभार लावतो म्हणून. शांती हाच त्याच्या सेवेचा हेतू असेल, तर त्या हेतूस सोडून त्याला कोठेही पाठविणे हा त्याच्या सेवेचा अपमान होय.

लूककृत शुभवर्तमानात प्रभू येशूने एका राजाचा दृष्टान्त दिला आहे. दहा हजारांनिशी वीस हजारांशी सामना करण्यापूर्वी तो राजा आधी बसून विचार करतो आणि झेपणार नसेल तर शत्रू दूर आहे तोवर सलोख्यासाठी वकील पाठवितो. शिष्यत्वाचे मोल मोजावयास शिकविण्यासाठी प्रभूने तो सांगितला. परंतु त्यातील 'आधी बसणे' लोकप्रतिनिधीने शब्दशः घ्यावे असे आहे. आपल्या होकाराने जो उद्या मरेल त्याचा आणि जो वीस वर्षे खोकत राहील त्याचाही हिशेब त्याने बसून मांडावा, आणि मगच हात वर करावा.

मिस्साबलिदानात आपण श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतो, सैनिकांसाठीही करतो. बहुधा त्या दोन स्वतंत्र प्रार्थना असतात. आम्हांस वाटते, त्या जोडून म्हणाव्यात. सैनिकाला जो प्रश्न विचारता येत नाही, तो विचारण्याचे धैर्य परमेश्वराने राज्यकर्त्याला द्यावे. आणि मत मागावयास जो दारी येईल त्याला, 'तुम्ही सैनिकांच्या पाठीशी आहात का?' असे न विचारता, 'त्यांना पाठविण्यापूर्वी तुम्ही काय विचारले आणि ते परतल्यावर काय दिले?' असे विचारण्याचे धैर्य आपणांसही लाभावे.